भाताच्या फुलाचा एक तास

भात निसवलं, म्हणजे लोंबी बाहेर आली, की तिच्यातली फुलं एकदम उमलत नाहीत. वरच्या टोकापासून सुरुवात होते आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी थोडी थोडी फुलं उघडतात. साधारण नऊ ते बाराच्या दरम्यान तुसाच्या दोन टरफलांमध्ये फट पडते, पुंकेसर बाहेर येतात, परागकण कुक्षीवर पडतात आणि तासाभरात फूल मिटतं. त्या दाण्याचं भवितव्य त्या तासात ठरतं. याच वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर पुंकेसर नीट फुटत नाहीत, पराग कमी पडतात आणि पडलेले रुजत नाहीत. लोंबी बाहेरून धड दिसते. झोडणीच्या वेळी कळतं की निम्मं पळिंज, म्हणजे पोकळ आहे.

दुपारी तीन वाजताच्या ३६ अंशांनी या फुलांचं फारसं बिघडत नाही, कारण तोवर ती मिटलेली असतात. सकाळी अकराचे ३६ मात्र घातक. म्हणून ‘यंदा सरासरी तापमान इतक्या अंशांनी वाढलं’ या बातमीवरून भाताचं नुकसान मोजता येत नाही. विचारायला हवं ते असं, की पारा नेमका कोणत्या तासाला चढला?

त्यात हवा दमट असली तर आणखी पंचाईत. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रिव्हरिना भागात पारा चाळिशीला टेकूनही भात भरतं, कारण कोरड्या हवेत लोंबीतून भराभर बाष्प जातं आणि ती भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड राहते. कोकणातल्या ऑक्टोबरमध्ये ही सोय नाही. घाम वाळत नाही तो आपलाही आणि लोंबीचाही.

परागीभवन पार पडलं तरी उष्णता पाठ सोडत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या शेतावरच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये दाखवलं, की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटतं. रात्र उबदार असली की रोपाचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि दिवसा कमावलेली साखर तिथेच जळते. दाण्यात स्टार्च ठासून भरत नाही, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, तांदळाचं पोट खडूसारखं पांढरं दिसतं. असा तांदूळ गिरणीत टिकत नाही, त्याची कणी होते. गव्हाचंही तेच. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, तेव्हा पंजाब-हरियाणातला गहू दाणा भरायच्या ऐन वेळी भाजला. शेवटी सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्के करावी लागली.

उष्णतेचं झालं, आता मीठ. अलिबाग-पेणचा खारेपाट, गोव्याच्या खाजण जमिनी, केरळचा पोक्काळी पट्टा, या सगळ्या खाडीच्या भरतीशी बांध घालून कसलेल्या जमिनी. इथे रोपाला दोन धक्के बसतात. पहिला तहानेचा: मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेणं जड जातं, म्हणजे शेतात पाणी उभं आणि रोप तहानलेलं. दुसरा धक्का सावकाश येतो. सोडियम पानांत साठत जातो, पोटॅशियमच्या जागा बळकावतो आणि जुनी पानं शेंड्याकडून करपू लागतात.

पण इथेही वेळेचाच हिशेब आहे. भाताचं बी रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, जरा उशिरा रुजतं इतकंच. खरं हळवं असतं ते दोन-तीन पानांचं रोप. पुढे फुटवे येताना ते पुन्हा कणखर होतं आणि फुलोऱ्यात पुन्हा हळवं. म्हणूनच बशीत खारं पाणी घालून ‘शंभरातल्या नव्वद बिया रुजल्या’ अशा चाचणीवर वाण क्षारसहनशील ठरवणं मला धाडसाचं वाटतं. रुजणं ही त्यातली सोपी परीक्षा आहे. खारेपाटातला शेतकरी पावसाने वरचं मीठ धुऊन जायची वाट पाहतो आणि मोड आणलेलं बी फेकून पेरतो. ही रहूची पद्धत बियाला निदान सुरुवात गोड्या पाण्यात करू देते.

उष्णता आणि मीठ एकत्र आले की दोघांची बेरीज होऊन थांबत नाही. ऊन वाढलं की रोप जास्त पाणी खेचतं आणि त्याबरोबर जास्त सोडियमही वर चढतो. तो टाळायला पानांनी रंध्रं मिटली, तर थंड राहण्याचा मार्गच बंद होतो. एकापासून वाचायचा उपाय दुसऱ्याच्या तावडीत देतो.

काही जुन्या वाणांनी यातून वाट काढली आहे. सुंदरबनाकडच्या नोना बोकरा भातातलं एक जनुक चिनी संशोधकांनी २००५ मध्ये हुडकलं. वर चढणाऱ्या रसातला सोडियम परत काढून घेणारं प्रथिन त्यातून तयार होतं, त्यामुळे तो पानांपर्यंत कमी पोचतो. पोक्काळी भातातला ‘सॉल्टॉल’ हा गुणसूत्राचा तुकडाही पहिल्याच गुणसूत्रावर, त्याच भागात सापडतो. गोव्यातल्या कोरगुट भातातून निवड करून तिथे नवे वाण काढले गेले आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ हे वाण दिले. उष्णतेसाठी वेगळीच युक्ती चालू आहे: एका रानटी भातातला सकाळी लवकर उमलण्याचा गुण लागवडीच्या वाणात आणायचा, म्हणजे ऊन तापायच्या आत फुलाचं काम उरकेल.

मात्र सॉल्टॉलचा आधार मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. फुलोऱ्यातल्या क्षारांसाठी तो पुरत नाही. आणि कोकणात फुलोऱ्याचीच वेळ अवघड. पाऊस ओसरला की जमीन वरून सुकू लागते, खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं आणि मीठ पुन्हा मुळांशी येतं. त्याच सुमारास ऑक्टोबरचं ऊन तापतं. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात तेव्हा नेमकं निसवलेलं असतं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात त्याआधी दाणा भरून मोकळं होऊ शकतं, पण पेरणीच मीठ धुऊन जाईपर्यंत लांबलेली असते. जूनमध्ये पाऊस रेंगाळला की हळव्या वाणाने वाचवलेले दिवस तिथेच संपतात.