हेलमंड: शत्रू तालिबानी की शेजारी?
अफगाणिस्तानातल्या हेलमंडचा गव्हर्नर शेर मोहम्मद अखुंदजादा याच्या कार्यालयात 2005 साली नऊ टन अफू सापडली. जप्त केलेला माल आहे, हा त्याचा खुलासा! ब्रिटिशांच्या आग्रहामुळे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाईंनी त्याला हटवलं, आणि सिनेटर केलं. पण अलिझाई जमातीतल्या या बड्या असामीच्या पदरी बंदूकधारी होते. पद गेल्यावर त्यांना पगार देता येईना, तेव्हा तीन हजार जण तालिबानकडे गेले, असं पुढे त्यानेच सांगितलं. 2006 मध्ये ब्रिटिश फौज हेलमंडमध्ये उतरली ती जमातींच्या अशा भाऊबंदकीत. हेलमंडच्याच संगीन जिल्ह्यात सरकारी माणसांच्या जाचाने इशाकझाई जमातीचे लोक तालिबानकडे वळले होते. माझ्या मते विचारसरणीपेक्षा जमीन, पाणी, अफू हेच खरे मुद्दे. माईक मार्टिन या माजी ब्रिटिश अधिकाऱ्याचं ‘ॲन इंटिमेट वॉर’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.