घरच्या संगणकासाठी फाईल आवळणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड

शाळेचे पुष्कळसे दप्तर आता संगणकावर ठेवावे लागते, आणि त्यातील बरेच काम शिक्षक आपल्या घरच्या संगणकावर करतात. पटाची पत्रके, जुन्या दाखल-खारीज रजिस्टराच्या पानांची छायाचित्रे अशा फाईली पाठविताना त्या आवळून, म्हणजे नेहमीच्या बोलण्यात ‘झिप’ करून, धाडाव्या लागतात. यासाठी सॉफ्टवेअर निवडताना ‘सर्वांत लहान फाईल कशाने होते?’ एवढेच पाहिले जाते. वास्तविक हा प्रश्न गौण होय. आत ठेवलेले जसेच्या तसे परत मिळेल काय, आणि घेणाऱ्यास ते उघडता येईल काय, हे दोन प्रश्न मुख्य आहेत.

प्रथम फाईल लहान कशी होते ते पाहू. पटाच्या यादीत ‘ता. मोहाडी, जि. भंडारा’ हे शब्द प्रत्येक ओळीत येतात. ते एकदाच पूर्ण लिहून पुढे ‘मागीलप्रमाणे’ अशी खूण केली, तर जागा वाचते आणि अर्थ यत्किंचितही बदलत नाही. याकोब झिव्ह व अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ साली मांडलेली रीत अशीच आहे, आणि झिपचा पाया तोच आहे. म्हणून साधा मजकूर पुष्कळ आवळला जातो. मोबाईलने काढलेले छायाचित्र मात्र मुळातच आवळलेले असते. एक्सेलच्या आजच्या फाईलीही आतून झिपच असतात. त्या पुन्हा झिप करून आकार फारसा घटत नाही. अनेक फाईली एका गठ्ठ्यात बांधल्या जातात, एवढाच लाभ.

छायाचित्राचा आकार घटविण्याची दुसरी रीत आहे. तीत बारीक तपशील कायमचा गाळला जातो. सहलीच्या चित्रास ती चालेल, रजिस्टराच्या पानास चालणार नाही. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागदाची प्रत घेताना ६ च्या जागी ८ उमटवीत होती. एकसारखे दिसणारे आकडे एकच समजून जागा वाचविण्याच्या रीतीचा तो परिणाम होता. अंक अस्पष्ट नव्हते. ते स्पष्ट आणि चुकीचे होते. आपल्या जुन्या रजिस्टरांतील हस्ताक्षरात १ व ९ यांत आधीच घोटाळा होतो. जन्मतारखेचा किंवा जातीचा उल्लेख बिघडला, तर त्या मुलास पुढे दाखला व जातपडताळणी यांसाठी हेलपाटे घालावे लागतात. म्हणून अशा पानांची मूळ छायाचित्रे पूर्ण आकारातच ठेवावीत.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. विंडोजमध्ये झिप करण्याची सोय अंगचीच असते. ती विनामूल्य आहे आणि तिने केलेली फाईल बहुतेक सर्वत्र उघडते. रोजच्या कामास ती पुरते. परंतु तीत संकेतशब्द घालता येत नाही. त्यासाठी ‘सेव्हन-झिप’ घ्यावे. इगोर पावलोव्ह यांनी १९९९ साली प्रथम प्रसिद्ध केलेले हे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. त्याचा स्वतःचा ‘सेव्हन-झेड’ प्रकार अधिक आवळतो. पण त्यात सामान्यतः अनेक फाईली सलग आवळल्या जातात, त्यामुळे एक भाग बिघडल्यास इतर फाईलीही जाण्याचा संभव असतो. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र आवळली जाते. यास्तव जतनासाठी सेव्हन-झिपमध्येही ‘झिप’ हाच प्रकार निवडावा. ‘विनरार’ हे चाळीस दिवसांच्या चाचणीनंतर विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर आहे. आलेली ‘रार’ फाईल सेव्हन-झिपने उघडते. तेवढ्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

वापरताना पुढील दक्षता घ्यावी.

१. सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. सेव्हन-झिप आपण होऊन अद्ययावत होत नाही. २४.०९ पूर्वीच्या आवृत्त्यांतील एक सुरक्षादोष जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. तेव्हा जुनी आवृत्ती असल्यास बदलावी.

२. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असलेल्या फाईलीस संकेतशब्द घालावा व ‘एईएस-२५६’ ही पद्धत निवडावी. संकेतशब्द त्याच पत्रातून न कळविता दूरध्वनीवरून सांगावा. अशी फाईल उघडण्यास घेणाऱ्याकडेही सेव्हन-झिप किंवा तत्सम सॉफ्टवेअर लागते, हे आधी विचारून घ्यावे.

३. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नावे विस्कटतात. म्हणून फाईलींची नावे रोमन लिपीत व थोडक्यात द्यावीत.

४. गठ्ठा बांधल्यावर सेव्हन-झिपमधील तपासणीची आज्ञा चालवावी. नंतर तो दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडून दोन-चार पाने डोळ्यांनी वाचून पाहावीत.

५. ही खात्री होईपर्यंत, आणि दुसरी प्रत अन्यत्र ठेविली जाईपर्यंत, मूळ फाईल पुसू नये.

संगणकातील जागा आज उणी पडली तर उद्या वाढविता येते. रजिस्टरातील एक नोंद मात्र गेली, तर ती लिहिणारे गुरुजी आता भेटणार नाहीत. फाईल किती लहान झाली यापेक्षा ती किती शाबूत राहिली, हेच सॉफ्टवेअर निवडताना पाहावे.