तिसरी तार

विदर्भात एप्रिल लागला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठरलेली बातमी येऊ लागते. कुणी कूलरमध्ये पाणी भरायला गेलं, पत्र्याला हात लागला आणि तिथेच चिकटलं; सोडवायला धावलेलं घरातलं दुसरं माणूसही गेलं. पावसाळ्यात हीच बातमी कपडे वाळत घालायच्या तारेची असते, थंडीत बादलीत सोडायच्या हीटरची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने देशभरात होणारे मृत्यू अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वरच असतात. शेतातले, खांबावरचे, कारखान्यांतले असे सगळे त्यात आले. घरातल्या अपघातांचं कारण मात्र बातमीदार हमखास चुकीचं देतो. शॉर्टसर्किट झालं, असं लिहून तो मोकळा होतो. कूलरच्या पत्र्यात वीज उतरते तेव्हा शॉर्टसर्किट झालेलं नसतं. झालं असतं तर फ्यूज उडाला असता, आणि माणूस बहुधा वाचला असता.

हे समजायला डीपीपासून सुरुवात करावी लागते. गल्लीच्या टोकाचं रोहित्र ११ हजार व्होल्टची वीज खाली आणतं आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा पुढे सोडतं. कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट, एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०. साध्या घरगुती जोडणीत यांतली एक फेज आणि न्यूट्रल मीटरमधून घरात येतात. फेजने आलेला करंट पंख्यातून, दिव्यातून जातो आणि न्यूट्रलने परततो. (सेकंदाला पन्नास वेळा हे चक्र उलटसुलट होतं, पण आपल्या हिशेबाला एवढं पुरे.) परतायची वाट नसेल तर करंट निघतच नाही. आता खरी मेख अशी की डीपीपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. तो तसा जोडावाच लागतो, नाहीतर रोहित्रात काही बिघडलं तर घरात येणारे व्होल्ट जमिनीच्या मानाने कुठल्या कुठे जातील. पण त्यामुळे आपल्या पायाखालची जमीन हीसुद्धा परतीची वाट होऊन बसते. तारेवरच्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाने मात्र एकच तार धरली तरी पुरते.

किती करंट पुरतो? अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. हाताने तार धरल्यावर ती स्वतःहून सोडता येते ती कुठल्या मर्यादेपर्यंत, हे त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर तपासलं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपियर, स्त्रियांची साडेदहा. त्याच्या पुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. बातमीतलं ‘चिकटलं’ ते हेच. ३० मिलिअँपियरच्या पुढे श्वास अडू लागतो, आणि ५० ते १०० मिलिअँपियर सेकंदभर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतं थरथरत राहू शकतं. नऊ वॉटचा साधा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपियर घेतो. ओल्या अंगाचा विरोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपियर वाहतात. म्हणजे माणूस मारायला लागणारा करंट घराच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. पुढचं सगळं या एका विसंगतीभोवती फिरतं.

तिसरी तार त्यासाठीच असते. आपल्याकडच्या नेहमीच्या फिटिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, आणि अर्थिंगची हिरवी. प्लगची वरची जाड पिन या हिरव्या तारेची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना आधी अर्थ जोडला जातो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री, कूलर, म्हणजे ज्याचं अंग धातूचं ते सगळं या तारेला बांधलेलं असायला हवं. आत कुठे वायरचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटलं, पाण्याच्या पंपाचं वाइंडिंग ओलं झालं, की पत्र्यावर उतरलेल्या करंटला माणसापेक्षा सोपी वाट मिळते.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात लोक जाड पिन कापून टाकतात, कारण बोर्डाला दोनच भोकं आहेत. काही जण प्लगच लावत नाहीत. वायरची उघडी टोकं भोकांत घालून काड्यापेटीच्या काडीने घट्ट बसवतात. आणि बोर्डाला तिसरं भोक दिसतं म्हणून त्याच्या मागे तार असेलच, असंही नाही. जुन्या चाळींत आणि वाड्यांत लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून केलेलं फिटिंग होतं. दिव्या-पंख्यापुरता लोड, त्यात अर्थ पुष्कळदा नव्हताच. पुढे फ्रिज आला तेव्हा कुणीतरी तो अर्थ मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपला बांधला. मग पाइप बदलून प्लॅस्टिकचा झाला आणि अर्थ हवेत लटकत राहिला. याहून वाईट शॉर्टकट म्हणजे बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणं. टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो, घरमालक खूश. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दारावर थेट २३० व्होल्ट येऊन बसतात, तेही फ्रिजमध्ये काही बिघाड नसताना.

समजा, अर्थिंग नीट केलं आहे. खड्डा खणला, सहाशे मिलिमीटर चौरस जीआयची प्लेट उभी पुरली, कोळसा आणि मिठाचे थर दिले, पाणी घालायला नळकांडं ठेवलं. तरी कूलर सुरक्षित झाला का? हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात आणि मे महिन्याच्या कोरड्या जमिनीत अशा खड्ड्याचा विरोध ८ ओहम असणं काही विशेष नाही. डीपीकडच्या अर्थचे २ धरा. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर करंट जमिनीतून वाहील. कूलरच्या लाइनवर १६ अँपियरची एमसीबी आहे. तिला हा करंट जरासा जास्त वाटतो. ती पडेल, पण त्याला तासभरसुद्धा लागू शकतो. तेवढा वेळ कूलरच्या पत्र्यावर २३ गुणिले ८, म्हणजे १८४ व्होल्ट आहेत. घरात कुणाला पत्ता नाही. कूलर थंड हवा देतो आहे.

याचा अर्थ अर्थिंग निरुपयोगी आहे असा नाही. ते नसेल तर २३० च्या २३० पत्र्यावर राहतील आणि एमसीबी कधीच पडणार नाही. पण एमसीबीचं काम काय, याबद्दल आपला गैरसमज आहे. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. तिच्या पोटात दोन यंत्रणा असतात: एक द्विधातूची पट्टी, जी जादा लोडने हळूहळू तापून वाकते, आणि एक कॉइल, जी खऱ्या शॉर्टसर्किटला क्षणात खटका पाडते. घरात नेहमी असते त्या ‘सी’ प्रकारच्या १६ च्या एमसीबीत हा क्षणात पडणारा खटका ८० ते १६० अँपियरच्या दरम्यान कुठेतरी असतो. माणसाला लागतात ०.१ अँपियरसुद्धा नाहीत. पाव अँपियर अंगातून जात असताना एमसीबीच्या लेखी एक टेबल फॅन चालू आहे.

तिचं खरं काम मात्र ती चोख करते, करू दिलं तर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दिव्या-पंख्यांसाठी, अडीचची १६ अँपियरच्या सॉकेटसाठी, एसी आणि मोठ्या गीझरला चारची, असा साधारण रिवाज आहे. जुने कारागीर अजून वन-एटीन, थ्री-ट्वेंटी या मापांत बोलतात. वायर जेवढी सोसेल त्याहून एमसीबी मोठी नको, एवढं एकच सूत्र. पण स्वयंपाकघरात इंडक्शन आला, त्याचे पावणेनऊ अँपियर. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर केटल, तिचे साडेसहा. मग एमसीबी पडू लागते. वायरमनला बोलावलं जातं, आणि गिऱ्हाईकच सांगतं, “सारखी पडते हो, ३२ ची टाकून द्या.” पूर्वी चिनीमातीच्या किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी तांब्याचे चार पदर पिळून घालत, त्याचीच ही नवी आवृत्ती. आता एमसीबी पडणार नाही. भिंतीतली वायर तापेल.

सैल जोडाचं काय, ते एमसीबीला कळतच नाही. स्क्रू ढिला असला की त्या एका बिंदूशी विरोध वाढतो, गीझर चालू असताना तिथेच उष्णता साठते, पण करंट वाढलेला नसतो. त्याची खूण नाकाला आणि डोळ्याला कळते: जळक्या बेकेलाइटचा वास, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग, प्लग काढताना हाताला लागणारी धग. असं सॉकेट पुसून वापरायचं नसतं, बदलायचं असतं, आणि मागची वायर काळी पडली असेल तर ती चांगल्या तांब्यापर्यंत कापून.

मग माणूस कोण वाचवतं? आरसीसीबी. बाजारात आणि वायरमनच्या तोंडी तिला अजून ईएलसीबी म्हणतात. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्या आत एका लोखंडी कड्यातून जातात आणि ती जमाखर्च ठेवते: जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का? आला तर ठीक. ३० मिलिअँपियर जरी कमी परतले, तरी ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जमिनीत गेले असं धरून ती सेकंदाच्या एका अंशात दोन्ही तारा तोडते. मघाचा कूलर तिच्या पलीकडे असता तर पत्र्यावर वीज उतरल्याबरोबर घर अंधारलं असतं, हात लागायच्या आधीच. डॅलझील यांनी १९६१ मध्ये याच जातीचं एक यंत्र तयार केलं. आकडे त्यांच्याकडे तयारच होते. विकत घेताना ३० मिलिअँपियरचीच घ्यावी. १०० आणि ३०० च्याही मिळतात, पण त्या आगीपासून बचावासाठी. तिच्या अंगावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून पाहायचं. घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ती नुसती भिंतीवरची शोभा आहे.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर तिच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवा. जमाखर्च जुळतो, ती पडत नाही. जादा लोडही तिला कळत नाही, म्हणून एमसीबी लागतेच. आणि इन्व्हर्टर असलेल्या घरांत एक नेहमीचा घोळ होतो. इन्व्हर्टरच्या लाइनची फेज आरसीसीबीच्या बाहेरून आणि न्यूट्रल आतून परत, असं काहीतरी जोडलं जातं. हिशेब जुळत नाही, ती सारखी पडते, आणि घाईतला वायरमन तिलाच बायपास करतो. तिच्यात दोष नव्हता. तिने वायरिंगमधली चूक दाखवली होती. न्यूट्रल वेगळे करून घेणं हे अर्ध्या दिवसाचं कंटाळवाणं काम आहे, त्याचे पैसे द्यावेत आणि ते करून घ्यावं. काम झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी मागावी. परवानाधारक माणसाला यात काही वावगं वाटत नाही. ज्याच्याकडे फक्त टेस्टर आहे, तो कुरकुरतो. टेस्टरमधल्या चिमुकल्या निऑनला एक मिलिअँपियरसुद्धा लागत नाही. तिथे फेज आहे एवढं तो सांगतो, अर्थ धड आहे की नाही ते त्याला कळायचं कारण नाही.

दिवाळी आली की गॅलरीत आकाशकंदील लागतो. त्याची वायर बहुतेक घरांत खिडकीच्या फटीतून, लोखंडी ग्रिलला दोन वेढे देऊन बाहेर जाते. मधे जोड असतो आणि त्यावर सेलोटेप. खिडकी रोज उघडते-मिटते, आवरण चेपतं, एखादी सर येते, आणि ग्रिल ही आता वीज उतरलेली वस्तू होते, जिला अर्थ नाही. जोड बाहेर नसावा, अखंड वायर घ्यावी, ग्रिलवरून नेताना खाली रबर किंवा पाइपचा तुकडा घालावा. माळ बदलताना बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढावा. कारण कित्येक घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं: दिवा विझतो, होल्डर जिवंत राहतो. बटण बंद करूनही एलईडी मंद मिणमिणत असेल, तर त्याचं एक कारण हेही असतं.

आणखी एक खूण ओळखता आली पाहिजे. संध्याकाळी अचानक दिवे डोळे दिपतील इतके प्रखर झाले, शेजारी मात्र मंद, की बाहेर कुठेतरी न्यूट्रल तुटला आहे. तीन फेजचा तोल गेलेला असतो आणि तुमच्या वाट्याला २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. कारण शोधत बसू नये, मेन स्विच पाडावा आणि मग १९१२ वर कळवावं.

कुणी चिकटलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आई असो की मूल. आधी मेन बंद. तो सापडत नसेल तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन, स्वतः कोरड्या जागी उभं राहून वायर दूर ढकलायची. हे फक्त घरातल्या २३० व्होल्टला चालतं. रस्त्यावर पडलेल्या तारेच्या जवळही जायचं नाही. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर १०८ लावून छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि तो उठून बसला, पाणी प्यायला, “काही नाही झालं मला” म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायचा. बोटावर तिळाएवढा डाग दिसत असला तरी करंट छातीतून गेलेला असू शकतो, आणि ठोक्यांमधली गडबड बाहेरून कळत नाही.