बीजाच्या शोधाची दीडशे वर्षं

ज्वारी, तूर, शेंगदाणा, नारळ: आपलं रोजचं जेवण बियांवर उभं आहे. पण बी घडते कशी आणि ती वनस्पतींना लाभली कशी, हे उलगडायला दीडशे वर्षं लागली. चिकाटीनं पाहणाऱ्या डोळ्यांनी हा उलगडा केला.

सुरुवात १८५१ सालची. लायपझिगमधले पुस्तकविक्रेते विल्हेल्म हॉफमाइस्टर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्षांचं प्रजनन शेजारी शेजारी ठेवून तपासलं. नेच्याच्या बीजाणूपासून ओल्या जमिनीवर एक चिमुकली, स्वतंत्र पिढी उगवते. तिच्यातलं पुंयुग्मक पाण्यातून पोहत अंड्यापर्यंत जातं. बीजधारी वनस्पतींतही हीच पिढी असते, फक्त ती बीजांडात आणि परागकणात आक्रसून राहते, हे हॉफमाइस्टर यांनी दाखवलं. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला तेव्हा आठ वर्षं होती.

या नात्याचा जिवंत पुरावा १८९६ मध्ये टोकियोत मिळाला. विद्यापीठात चित्रं काढण्याचं काम करणाऱ्या साकुगोरो हिरासे यांना गिंकोच्या बीजांडात पोहणारी पुंयुग्मकं दिसली. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना ती सायकसमध्येही आढळली. पराग वाऱ्यानं आला तरी शेवटचं अंतर या झाडांत पोहूनच कापलं जातं. त्यासाठीचा द्रव बीजांडातच असतो. पाइन आणि फुलझाडांत परागनलिकाच पुंयुग्मकाला अंड्यापाशी पोहोचवते.

१८९८ मध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत दुहेरी फलन पाहिलं. एका पुंयुग्मकापासून भ्रूण बनतो, दुसऱ्यापासून त्याची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष. तांदळातला पिठूळ भाग, नारळाचं पाणी आणि खोबरं हा सारा भ्रूणपोषच.

१९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी इंग्लंडमधल्या कोळशाच्या थरांतलं एक जीवाश्म बीज आणि नेच्यासारख्या पानांची वनस्पती एकाच झाडाची असल्याचं सिद्ध केलं. दोन्हींवरच्या ग्रंथी सारख्या होत्या. नेच्यासारखी पानं असूनही बी धरणारा एक लुप्त गट त्यातून उजेडात आला. सर्वांत जुनी ज्ञात बीजं सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीची आहेत.

भारतीयांचा वाटाही मोठा. बिरबल साहनी यांनी १९४८ मध्ये राजमहाल टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून बीजधारी वनस्पतींचा एक नवा गट मांडला. पंचानन महेश्वरी यांच्या दिल्ली विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये अफूच्या बीजांडांचं फलन परीक्षानळीत घडवलं गेलं. १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीश चंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशापासून भ्रूण मिळवले. पुढे पीकसुधारणेत हे तंत्र जगभर वापरात आलं.

१९९९ मध्ये जनुकांच्या तुलनेतून न्यू कॅलेडोनियातलं अंबोरेला हे झुडूप फुलझाडांच्या वंशवृक्षात सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा ठरलं. मात्र फुलझाडं इतक्या झपाट्यानं कशी पसरली, हे १८७९ मध्ये डार्विनला छळणारं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात टाका आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून दाखवा. थोड्याच वेळात परागनलिका फुटू लागेल. पुस्तकातल्या आकृतीआधी मुलांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवी.