शब्द दाविदाचे, चाल गावाची

बायबलच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं, परंपरेनं दाविद राजाच्या नावावरची. मूळ हिब्रू, यमकाचा पत्ता नाही. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी ठरवलं, की उपासनेत सगळ्या मंडळीनं गायचं आणि तेही आपापल्या भाषेत. मग दाविदाला यमकात बसवणं आलंच!

फ्रेंचमध्ये हे काम सुरू केलं क्लेमां मारो यानं, आणि तो होता राजाचा दरबारी कवी. पुढे थिओडोर बेझानं उरलेली स्तोत्रं रचली आणि १५६२ साली जिनिव्हाचा पूर्ण संग्रह छापून झाला. तिथल्या सुधारक कॅल्व्हिनचा नियम कडक: चर्चमध्ये वाद्य नाही, सगळ्यांनी एकाच सुरात गायचं. चार आवाजांची हौस घरी भागवा.

लुई बुर्ज्वा या संगीतकारानं मात्र ओळखीच्या काही चाली परवानगीशिवाय बदलल्या. डिसेंबर १५५१ मध्ये नगरपरिषदेनं त्याला थेट तुरुंगात टाकलं! कॅल्व्हिनच्या रदबदलीनं तो सुटला. आज रिमिक्स करणाऱ्यांनी जिनिव्हाच्या त्या नगरपरिषदेची आठवण ठेवावी.

त्याच वर्षीच्या संग्रहात १३४ व्या स्तोत्राला एक चाल होती. इंग्रजांनी ती उचलून १०० व्या स्तोत्राला लावली. आज ती जगभर ‘ओल्ड हंड्रेड्थ’ म्हणून ओळखली जाते. १३४ ला कोण विचारतो?

अशी उचलाउचल जमते ती मापामुळे. इंग्रजीतलं सर्वांत लाडकं माप ‘कॉमन मीटर’, म्हणजे ८-६-८-६ अक्षरं. आपल्या मोठ्या अभंगाचं जसं ६-६-६-४, तसंच हे; माप जुळलं की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर. स्कॉटलंडमध्ये १६१५ च्या संग्रहात बारा ‘सामायिक चाली’ दिल्या होत्या, त्या कोणत्याही स्तोत्राला चालत. पुढे तर पानं मधोमध आडवी कापलेली पुस्तकं निघाली: वरच्या अर्ध्यात चाली, खालच्या अर्ध्यात शब्द. हवी ती जोडी जुळवा.

स्कॉट लोकांची खरी गंमत सरावात. तालमीत पवित्र शब्द वापरायचे म्हणजे अनादर, म्हणून सरावापुरत्या वेगळ्या ओळी रचल्या गेल्या. त्यातल्या काही इतक्या थट्टेखोर, की गंभीर चेहऱ्यानं चाल घोटवणाऱ्या गुरुजींची कीव यावी.

पुस्तकं कमी, वाचता येणारे त्याहून कमी. म्हणून म्होरक्या एक ओळ सांगे, मंडळी ती गाई. गरज संपली तरी सवय सुटली नाही. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या गेलिक भाषेतल्या उपासनेत आजही म्होरक्याच्या मागोमाग प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत लाटेसारखा गातो. एकदा ऐकाच.

अमेरिकेच्या इंग्रज वसाहतींत छापलेलं पहिलं पुस्तकही स्तोत्रांचंच: ‘बे साम बुक’, १६४०. त्यात एकही चाल छापलेली नव्हती. चाली आल्या त्या १६९८ च्या नवव्या आवृत्तीत. पहिल्या आवृत्तीच्या ११ प्रती उरल्यात. त्यातली एक २०१३ साली १ कोटी ४१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. चाली नसताना!

चालींना नावं बहुधा गावांची: डंडी, यॉर्क, क्रिमंड. मेंढपाळाच्या २३ व्या स्तोत्राची ‘क्रिमंड’ ही चाल १९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गायली गेली आणि घराघरांत पोचली. क्रिमंड गावाच्या चर्चचं घड्याळही न्यारंच, त्याच्या तबकडीवर तासाला ६१ मिनिटं आहेत!

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण परक्या चालींवर ते भागवून घेईनात. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली. माझ्या मते मराठी मंडळीवर हे त्यांचं सर्वांत मोठं देणं.

आता एक गृहपाठ. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ साली छापले गेले, आजची चाल त्यांना चिकटली ती १८३५ मध्ये. मापानं ते कॉमन मीटरच. तेव्हा हे शब्द बदनाम घरावरच्या ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ या लोकगीताच्या चालीवर म्हणून बघा. चपखल बसतात, फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर नको.