साखळी-करवतीचे इंजिन व त्याची दुरुस्ती

किनवट-माहूरच्या सागाच्या रानात काय किंवा लातूरकडील शेताच्या बांधावर काय, पूर्वी झाड तोडावयाचे म्हणजे कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची करवत एवढीच साधने असत. आता वळवाच्या वादळाने रस्त्यावर आडवा पडलेला कडुनिंब थोडक्या वेळात कापून बाजूस करणारी पेट्रोलवरील साखळी-करवत आपल्याकडेही आली आहे. ही करवत चालवून पोट भरणाऱ्या मनुष्याचे यंत्र बंद पडले, की त्याचा रोजगारही बंद पडतो. मग तो दुकानातून नवा 'ब्लॉक-पिस्टन', म्हणजे सिलिंडर व पिस्टन यांचा जोड, आणतो व बसवून घेतो. परंतु थोड्याच दिवसांत नवा पिस्टनही जुन्यासारखाच खरवडून निघतो, आणि दोनदा मोजलेले पैसे पाण्यात जातात. असे का व्हावे, याचा विचार आपण करू.

प्रथम या इंजिनाची रचना पाहू. हे दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन होय. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखालील क्रँकच्या पेटीत पोकळी होऊन पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर ठिणगी पडून स्फोट झाला की पिस्टन खाली येतो. त्याबरोबर जळालेला वायू सायलेन्सरकडे निघून जातो आणि खालचे ताजे मिश्रण बाजूच्या वाटांनी वर चढते. मोटारीच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी निराळे साठविलेले असते. येथे तशी सोय नाही. पेट्रोलात जे तेल आपण हाताने मिसळतो, तेवढ्यावरच पिस्टन, रिंगा व बेअरिंगे यांचा निर्वाह चालतो. पन्नासास एक असे प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल, आणि पंचविसास एक असेल तर ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण घ्यावे, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. अंदाजाने तेल ओतू नये.

या इंजिनाची गती मिनिटास १२,००० फेऱ्यांपर्यंत जाते. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : सेकंदास २०० फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीस एक स्फोट. आता उष्णतेचा हिशेब करू. ॲल्युमिनियम एक अंश सेल्सिअस तापले म्हणजे आपल्या लांबीच्या दशलक्षांश सुमारे २३ भागांनी वाढते. ४५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.२ मिलिमीटर फुगेल. ही वाढ कमी व्हावी म्हणून पिस्टनच्या धातूत सिलिकॉन मिसळतात. तरीही पिस्टन व सिलिंडर यांतील फट केसाएवढीच असते. वंगण कमी पडले किंवा उष्णता मर्यादेबाहेर गेली, की पिस्टन फुगून भिंतीस घासतो, त्याची धातू भिंतीस चिकटते आणि इंजिन जाम होते.

येथे आपल्याकडील पुष्कळांचा एक समज तपासून पाहिला पाहिजे. विहिरीवरील ऑइल इंजिनाचा लायनर बदलता येतो, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. १९७२ पासून घरोघरी आलेल्या बजाज चेतक स्कूटरचा सिलिंडर बिडाचा असे. तो झिजला म्हणजे लेथवर बोअर करून किंचित मोठा पिस्टन घालीत. साखळी-करवतीचा सिलिंडर मात्र बहुधा ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतील भिंतीवर क्रोमियमचा, किंवा निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा, अत्यंत कठीण व पातळ लेप असतो. लेथवर धरले तर हा लेपच निघून जाईल. म्हणून भिंतीस केवळ पिस्टनची धातू चिकटली असेल व लेप शाबूत असेल, तर ती जपून काढून नव्या पिस्टनवर काम भागते. लेप सोलला असेल, तर संपूर्ण जोड बदलणे भाग पडते.

आता मुख्य गोष्ट. जुना पिस्टन फेकून देऊ नये. तो साक्षीदार आहे. सायलेन्सरच्या बाजूस उभे ओरखडे असतील, तर तेल कमी पडले किंवा मिश्रणात हवा अधिक झाली असे समजावे. क्रँकची ऑइल सील फाटली, अथवा कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरास चीर गेली, तरी जादा हवा आत शिरते. कार्ब्युरेटरच्या बाजूची कड बारीक वाळूने घासल्याप्रमाणे मंद दिसत असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडणाऱ्या आपल्या मुलखात हे कारण विसरता कामा नये. एकच खोल रेघ दिसली, तर तुटलेली रिंग किंवा निसटलेले लॉक शोधावे. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते पाणी शोषून घेते. यास्तव मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने डब्यात ठेवू नये.

कारण सापडून दूर झाले म्हणजे जोडणीस हात घालावा. आरंभी स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. क्रँकच्या पेटीत पडलेला धातूचा चुरा पूर्णपणे धुऊन काढावा आणि बेअरिंग ढिले तर नाही ना, हे पाहावे. नंतर पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे, म्हणजे सुटे भाग आत पडणार नाहीत. पिस्टनवरील बाणाचे टोक सायलेन्सरकडे करावे. पिनची लॉके नवीच घालावी, जुनी पुन्हा वापरू नयेत. रिंगेची उघडी टोके पिस्टनच्या खाचेतील बारीक खिळ्याशी जुळवावी, सर्वत्र तेल लावावे, रिंग बोटांनी दाबून धरावी आणि फडके काढून सिलिंडर सरळ खाली उतरवावा; तो फिरवू नये, नाही तर रिंगेचे टोक खिडकीत अडकून मोडते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावे. शेवटी वाटा बंद करून आत अल्प दाबाची हवा भरावी. दाब टिकला नाही, तर कोठे तरी गळती आहे. पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत इंजिनावर पूर्ण भार देऊ नये.

हे वाचून मुलांनी एकट्याने करवत उघडू अथवा चालवू नये. शिकावयाचे असल्यास नांदेड व लातूर येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीही शिकता येते. पालकांनीही दुरुस्तीस यंत्र देताना 'किती लागतील?' एवढेच न विचारता 'कशाने बिघडले?' असे अवश्य विचारावे. नवा भाग बाजारात विकत मिळतो. बिघाडाचे कारण मात्र शोधावेच लागते, आणि ज्याने ते शोधले त्यानेच यंत्र खऱ्या अर्थाने दुरुस्त केले.