स्ट्रीकला खाडा पडला तर…

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे भंडारदऱ्याला निघालो. दहावीची परीक्षा दिलेल्या माझ्या भाचीने गाडीत बसण्याआधी एक काम उरकलं. वहीच्या पानावर स्नॅपचॅटचं लॉगिन लिहिलं, पासवर्ड लिहिला, खाली अकरा नावं लिहिली आणि तो कागद शेजारच्या मैत्रिणीच्या हातात दिला. "रोज रात्री नऊच्या आत टाक हं. वरच्या तिघींना तर विसरूच नकोस." घराची किल्ली शेजारी ठेवून कुंड्यांना पाणी घालायला सांगावं, अगदी तसं.

अकरा जणांबरोबर तिच्या स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकांना फोटो पाठवण्याच्या साखळ्या, चालू होत्या. त्यातली सगळ्यात मोठी ४१२ दिवसांची, नागपूरला राहायला गेलेल्या एका मैत्रिणीबरोबरची. धरणाच्या वरच्या अंगाला रेंज मिळत नाही म्हणून हा सगळा बंदोबस्त. ताई चिडली, मेव्हणे हसले आणि परत येईपर्यंत गाडीत जी चर्चा झाली तीत इतके गैरसमज निघाले, काही पोरीचे, काही आमचे, की ते लिहूनच काढावेत असं वाटलं.

"तासभर गप्पा मारल्या, तरी स्ट्रीक गेली!"

ही पोरांची नेहमीची तक्रार. पण गप्पा धरल्याच जात नाहीत. २०१५मध्ये स्नॅपचॅटने मित्रांच्या नावापुढे निरनिराळ्या इमोजी दाखवायला सुरुवात केली, त्यातलीच स्ट्रीकची ही आगीची ज्वाळा. दोघांनी एकमेकांना सलग तीन दिवस स्नॅप, म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ, पाठवले की ज्वाळा उगवते आणि शेजारी आकडा येतो. मजकूर लिहून केलेलं चॅट त्यात मोजत नाहीत. स्टोरी टाकली आणि ती मैत्रिणीने पाहिली, तीही नाही. एकाने पाठवून भागत नाही, दोघांचंही यावं लागतं.

आकडा दिवसांचा असतो, स्नॅपचा नव्हे. दिवसभरात शंभर फोटो धाडले तरी आकडा एकानेच पुढे सरकतो. मुदत चोवीस तासांची. ती संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं. शंभराव्या दिवशी शंभरची इमोजी येते. आमच्या घरी त्या दिवशी आइस्क्रीम झालं होतं. कशाबद्दल, ते आम्हाला आत्ता कळलं.

"चारशे दिवस म्हणजे किती घट्ट मैत्री!"

मी भाचीला म्हटलं, या चारशेमधले दोन-चार दाखव ना. ती म्हणाली, ते राहत नाहीत गं मावशी, पण होतं काय त्यात? मग तिने सकाळी पाठवलेला नमुना पुन्हा काढून दाखवला: पंख्याचा फोटो, वर इंग्रजी "एस" हे एक अक्षर. एस म्हणजे स्ट्रीक. घाईचा दिवस असेल तर कॅमेऱ्यावर बोट ठेवून नुसता काळा फोटो. तोच एका दमात अकरा जणांना. समोरूनही कुणाची उशी, कुणाचं अर्धं कपाळ, कुणाच्या बाकाचा कोपरा.

ही हजेरी आहे. मस्टरवर सही करून कामगार आत गेला एवढंच मस्टर सांगतं, त्याने आत काय केलं ते नाही. आणि खुद्द स्नॅपचॅटही या आकड्याला जवळीक म्हणत नाही, हे पोरांच्याही लक्षात येत नाही. जवळच्या मित्रांसाठी तिथे वेगळी खूण आहे. दोघं एकमेकांना सगळ्यात जास्त स्नॅप पाठवत असतील तर पिवळं हृदय. तसं दोन आठवडे टिकलं तर लाल. दोन महिने टिकलं तर गुलाबी जोडी. म्हणजे ४१२ची ज्वाळा असूनही हृदय नाही, असं होऊ शकतं. भाचीच्या यादीत अकरापैकी दहा जणांचं तसंच होतं.

मैत्री मुरायला काय लागतं, यावर कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये हिशोब मांडला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला पन्नासेक तास एकत्र जावे लागतात, पुढे मित्र म्हणवून घ्यायला नव्वदेक, आणि जिवलग व्हायला दोनशेच्या वर. तेही नुसतं एका वर्गात किंवा एका ऑफिसात बसण्याचे तास नव्हेत. गप्पाटप्पा, हसणं-खिदळणं यांत गेलेला वेळ जमेचा. पंख्याचा फोटो पाठवायला तीन सेकंद लागतात असं धरलं, तर चारशे दिवसांचे होतात वीस मिनिटं.

मात्र याची उलट बाजू ताईला पटवताना मला त्रास झाला. तीन सेकंदांचा का होईना, नागपूरच्या मुलीशी रोजचा धागा तुटला नाही, हे काही कमी नाही. गाव बदललं की शाळेतली मैत्री दोन महिन्यांत विरते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आमच्या वेळी पत्र लिहायचं राहून जायचं आणि मग इतके दिवस झाले, आता काय लिहायचं, म्हणून ते कायमचंच राहून जायचं.

"एक दिवस चुकला की सगळं गेलं"

मला खरं तर याच्यावरच बोलायचं आहे.

खाडा हा आपल्याकडचा जुना शब्द. दूधवाल्याचा खाडा, कामाच्या बाईंचा खाडा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे वजा करायचे. महिन्यात तीन खाडे झाले तर सत्तावीस दिवसांचे पैसे मिळतात. खाडा पडला म्हणून मागचे सगळे दिवस शून्य झाले, असा हिशोब कुठल्याही गवळ्याने मान्य केला नसता. स्ट्रीक मात्र नेमका तोच हिशोब मांडते. ४१२ दिवस आले, ४१३व्या दिवशी राहिलं, तर हातात शून्य.

नेमाचंही खाड्यासारखंच. माझी आजी चातुर्मासात एखादा नेम धरायची. प्रवास आला, आजारपण आलं, सुतक आलं, तर सूट असायची आणि राहिलेलं नंतर भरून काढता यायचं. मुख्य म्हणजे नेमाला शेवट असायचा. सोळा सोमवार म्हणजे सोळा. पुढे आणखी करा म्हणून कुणी मागे लागत नाही. उद्यापन झालं, जोडपं जेवायला घातलं, मोकळं. स्ट्रीकला उद्यापन नाही. ती एकतर चालू असते किंवा तुटते. समाधानाने संपवण्याची सोय तिच्या रचनेतच नाही.

खाड्याने खरंच काही बिघडतं का, हे तपासून झालंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक साधी गोष्ट निवडायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांच्याकडून नोंदी घेतल्या. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला. कुणाला १८, तर कुणाला २५४. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. (ते प्रसिद्ध "एकवीस दिवस" कुठून आले? मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला "निदान" पुढे गळाला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना चिकटली.)

मग खाड्याने बिघडतं काय? बिघडवतो तो तुटलेला आकडा. जॅकी सिल्व्हरमन आणि अ‍ॅलिक्झांड्रा बराश यांचा एक अभ्यास २०२३मध्ये "जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च"मध्ये छापून आला. माणसाने केलेलं काम तेवढंच असलं, तरी "तुमची साखळी तुटली" असं डोळ्यांसमोर दाखवलं, की ते पुढे चालू ठेवायची त्याची इच्छा कमी होते, असं त्यांना आढळलं. साखळी म्हटलं की जेरी साइनफेल्ड या अमेरिकन विनोदवीराचं नाव हमखास घेतात: रोज विनोद लिही, कॅलेंडरवर फुली मार, साखळी तोडू नकोस. ते तंत्र आपलं नाहीच, असं त्याने २०१४मध्ये स्वतःच सांगून टाकलंय. तरी पुस्तकांतून ते त्याच्याच नावावर फिरतंय.

आणि स्नॅपचॅटपुरतं बोलायचं, तर शून्य कायमचं शून्यही राहत नाही. २०२३पासून तुटलेली स्ट्रीक परत आणायची सोय ॲपमध्येच आहे. सुरुवातीला एक फुकट होती, पुढच्या प्रत्येकीला अमेरिकेत ९९ सेंट. म्हणजे तुटण्याची धास्तीही तिथलीच आणि त्यावरचं औषधही त्याच दुकानात. बाहेरची कुठलीतरी वेबसाइट "स्ट्रीक परत आणून देतो" म्हणाली, तर तिला लॉगिन देऊ नये.

"फोटो पुसलाच जातो ना, मग पासवर्ड दिला तर काय?"

थोडक्यात: फोटो पुसला जाईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो, नाहीतर दुसऱ्या फोनने त्या फोनचाच फोटो घेऊ शकतो. संदेश कायमचे नाहीसे होतात हा स्नॅपचॅटचा दावा दिशाभूल करणारा होता, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४मध्ये ठेवला. तडजोडीत कंपनीला वीस वर्षं बाहेरच्या तज्ज्ञाची देखरेख मान्य करावी लागली. आणि पासवर्ड दिला की नुसती स्ट्रीक दिली जात नाही. चॅट, जपून ठेवलेले फोटो, तुमच्या नावाने कुणालाही काहीही पाठवायची मुभा, सगळंच जातं. शेजारची मैत्रीण गुणी आहे. पण तो कागद दोन दिवस तिच्या डायनिंग टेबलावर होता.

"हे व्यसनच आहे, दुसरं काय!"

हा आमचा, मोठ्यांचा गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, पण समाजमाध्यमांचं व्यसन असा स्वतंत्र आजार नाही. बहुतेक मुलांना स्ट्रीक म्हणजे दात घासण्याइतकं रोजचं काम. काळजी करावी ती कुठे, तर वाळूचं घड्याळ दिसल्यावर पोर रात्री दोनला उठून बसत असेल, किंवा न आवडणाऱ्या मुलाला केवळ आकड्यासाठी रोज उत्तर देत असेल. भाचीच्या यादीत असा एक होता. भांडण झालेलं, बोलणं बंद, आणि ज्वाळा चालू: १८७.

पण म्हणून सगळा दोष पोरांच्या मनोनिग्रहावर ढकलणंही चूक. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मोठं असतं, हे मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्येच मांडलं. स्ट्रीक त्याच मर्मावर बोट ठेवते. गूगलमधून बाहेर पडलेल्या ट्रिस्टन हॅरिस यांनी २०१७मध्ये अमेरिकी टीव्हीवर हीच ज्वाळा उदाहरण म्हणून दाखवली. २०१९मध्ये सिनेटर जॉश हॉली यांनी अशा युक्त्यांवर बंदी आणणारं विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो चोवीसचा आकडा. स्नॅपचॅटची कंपनी मार्च २०१७मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा गुंतवणूकदारांपुढे तिने ठेवलेला मुख्य आकडा होता रोज ॲप उघडणाऱ्यांचा: सरासरी १५ कोटी ८० लाख. मोजणीचा नियम असा, की चोवीस तासांत निदान एकदा ज्याने ॲप उघडलं तो धरायचा. भाचीच्या ज्वाळेची मुदतही चोवीस तास. पोरगी रोज न चुकता जी सही करते, ती दोन मस्टरवर उमटते.

"हे पोरांचं खूळ"

इथे मेव्हणे फार जोरात बोलले, म्हणून त्यांचाच फोन मागून घेतला. "सुप्रभात परिवार", "सोसायटी बी विंग", "१९८९ बॅच". सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा, तळाशी सुविचार. रोज सकाळी सहा ते सात. २०१८च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती, की भारतातल्या स्मार्टफोनची जागा रोज भरून जाते याची कारणं शोधताना गूगलच्या लोकांना हे शुभ सकाळचे फोटो सापडले. पंख्याच्या फोटोत आणि गुलाबाच्या फोटोत मला फरक एवढाच दिसतो, की गुलाबाशेजारी आकडा नसतो. मेव्हण्यांना तो दिसला असता तर त्यांनीही भंडारदऱ्याला निघताना कागद लिहिला असता.

त्या कागदाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. शेजारच्या मैत्रिणीने दहा जणांना न चुकता पाठवलं आणि नेमकी नागपूरवाली विसरली. घरी आल्यावर ज्वाळा गायब. भाची तासभर रुसून बसली, मग फोन लावून दार बंद करून घेतलं. जेवायला हाक मारली तरी बाहेर आली नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता.

आमच्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा सुविचार मला चार वर्षं रोज सकाळी येतो. मी कधी उत्तर दिलेलं नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये तेरा प्रयोगांतून दाखवलं होतं, की सहज म्हणून विचारपूस केली तर समोरच्याला होणारा आनंद आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतो. आणि ती जितकी अवचित, तितका तो वाढतो. त्या रात्री मी त्या मैत्रिणीला लिहिलं, "कशी आहेस? सहज आठवण आली."

दोन मिनिटांत फोन वाजला. "अगं, काय झालं? सगळं ठीक आहे ना घरी?"